सकाळी आठचा फोन : ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचा इतिहास

(धागा लांब आहे, सवडीने वाचावा.)

ब्रिटनमध्ये सकाळचे आठ वाजले की असंख्य माणसे एकाच क्षणी आपापल्या डॉक्टरांच्या दवाखान्याला फोन लावू लागतात. लाइन व्यस्त असते. पुन्हा लावावा, पुन्हा व्यस्त. लागलाच, तर ध्वनिमुद्रित आवाज रांगेतला आपला क्रमांक सांगतो. बऱ्याच वेळाने माणसाचा आवाज येतो, तो अनेकदा एवढेच सांगायला की आजच्या वेळा संपल्या, उद्या आठ वाजता पुन्हा प्रयत्न करा. या प्रकाराला तिकडच्या वर्तमानपत्रांत आणि संसदेतसुद्धा ‘आठची झुंबड’ असे नावच पडले आहे.

शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींना हा धक्का जरा अधिक बसतो. व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार भरलेला असतो, आणि सवय असते ती संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नंबर लावून तासाभरात औषध घेऊन परतण्याची. दुसऱ्या डॉक्टरकडे जावे म्हटले तर तेही सोपे नाही. तिथे प्रत्येकाचे नाव एका ठरावीक दवाखान्याच्या यादीत असते, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंतची वाट बहुधा याच ‘जीपी’च्या, म्हणजे सामान्य चिकित्सकाच्या चिठ्ठीवरून जाते. हे एकच दार बंद राहिले की पुढची सगळी दारे बंद.

याचे खापर बहुधा गेल्या दशकातील काटकसरीवर किंवा कोविडवर फोडले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु या झुंबडीची मुळे बरीच जुनी आहेत. माझ्या मते गोष्ट अशी की, अपॉइंटमेंट ही मुळात रांग संपवण्यासाठी आली आणि तिने रांग फक्त नजरेआड केली.

आधी एका शब्दाविषयी. ब्रिटिश इंग्रजीत डॉक्टरांच्या दवाखान्याला ‘सर्जरी’ म्हणतात. तिथे शस्त्रक्रिया होत असेलच असे नाही. औषधे विकणारे अपॉथेकरी आणि जखमा बांधणारे सर्जन या दोन जुन्या व्यवसायांतून तिथला सामान्य चिकित्सक घडला, आणि त्याच्या खोलीचे नाव मागे उरले. पुढे डॉक्टरांच्या बसण्याच्या वेळेलाही तोच शब्द लागू झाला : सकाळची सर्जरी, संध्याकाळची सर्जरी. तिथले खासदार मतदारांना भेटायला बसतात, तीही ‘सर्जरी’च!

आता मूळ विषय. १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा आणला आणि १९१३ पासून विमाधारक कामगाराला डॉक्टरची सेवा मिळू लागली. डॉक्टरांनी ‘पॅनेल’वर नाव नोंदवायचे आणि यादीतील प्रत्येक कामगारामागे ठरावीक मानधन घ्यायचे. मात्र ही सोय कामगारापुरतीच होती; त्याची बायको आणि मुले तिच्या बाहेर होती. त्यांनी फी भरायची, कुठल्या मंडळाचा आधार घ्यायचा, किंवा दुखणे अंगावर काढायचे. अनेक दवाखान्यांत पॅनेलच्या रुग्णांना वेगळे दार आणि वेगळी बाके असत. फी देणारा रुग्ण पुढच्या दाराने येई आणि त्याच्यासाठी डॉक्टर वेळ राखून ठेवत. म्हणजे ठरवून दिलेली वेळ ही तेव्हा पैशाने विकत मिळणारी गोष्ट होती आणि रांग ही गरिबाची.

५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय आरोग्य सेवा, अर्थात ‘एनएचएस’, सुरू झाली आणि फीची भिंत एका दिवसात पडली. वर्षानुवर्षे लपवलेली दुखणी घेऊन माणसे, विशेषतः स्त्रिया, दवाखान्यात आल्या. गर्भाशय खाली सरकलेल्या अवस्थेत वर्षे काढलेल्या बायका तेव्हा प्रथमच तपासल्या गेल्याच्या आठवणी त्या काळच्या डॉक्टरांनी सांगितल्या आहेत. पुढे चष्मे, दातांच्या कवळ्या आणि औषधाच्या चिठ्ठ्या यांवर शुल्क आले (बेव्हन यांनी १९५१ मध्ये याच मुद्द्यावर मंत्रिपद सोडले), पण डॉक्टरांना भेटणे मोफतच राहिले. ते आजही मोफत आहे.

येथे एक पेच आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. किंमत काढून टाकली की गर्दी आवरायला दुसरे काहीतरी लागतेच. बेव्हन यांनी डॉक्टरांना सरकारी नोकर केले नाही. डॉक्टरांच्या संघटनेचा त्याला कडवा विरोध होता. त्यामुळे जीपी स्वतंत्र कंत्राटदार राहिले आणि त्यांना पैसे मिळत राहिले ते यादीतील डोक्यांवर. एका डॉक्टरच्या यादीत ४,००० पर्यंत माणसे चालत. काही वर्षांत ही मर्यादा ३,५०० झाली. यादीतला माणूस वर्षातून एकदा येवो की वीसदा, डॉक्टरच्या उत्पन्नात फरक नाही. मग गर्दीला बांध घालणारी एकच गोष्ट उरली : रुग्णाचा वेळ.

हा बांध तेव्हा डोळ्यांना दिसत असे. सकाळी आणि संध्याकाळी दवाखाना उघडे, येईल तो बाकावर बसे आणि आपल्या आधी कोण आले हे लक्षात ठेवी. काही ठिकाणी क्रमांकाचे बिल्ले मिळत. खोकणारी माणसे, रडणारी मुले, कोंदट खोली, आणि आत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या डॉक्टरने इंग्लंडमधील दवाखान्यांची पाहणी करून ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल छापला तेव्हा वैद्यकविश्वात खळबळ उडाली. औद्योगिक शहरांतील काही दवाखान्यांची अवस्था त्यांनी इतकी वाईट रंगवली की अभिमानाने मिरवली जाणारी नवी सेवा खरोखर कशावर उभी आहे, असा प्रश्न पडावा.

रांगेवरचा उपाय काही अंशी गणितातून आला. १९५२ मध्ये नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने वेल्च यांच्यासह रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील वेळापत्रकाचा अभ्यास केला. तोवर पुष्कळदा सर्व रुग्णांना एकदमच बोलावले जाई, का, तर डॉक्टरांना एक क्षणही रिकामे बसावे लागू नये. बेलींनी सुचवले की सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढे सरासरी तपासणीला लागणाऱ्या वेळाच्या अंतराने एकेकाला. डॉक्टरांचा थोडासा वेळ वाया जाईल, पण रुग्णांचे तासन्‌तास वाचतील. मला हा लेख केवळ गणिताचा वाटत नाही. बाकावर बसलेल्या माणसाच्या वेळेलाही मोल असते, हे त्यात आकडेमोडीच्या भाषेत मान्य केले आहे.

रुग्णालयातली कल्पना गल्लीतल्या दवाखान्यात यायला मात्र पैसा लागणार होता. वेळा नोंदवायच्या तर वही हवी, फोन हवा आणि तो उचलणारे माणूस हवे. तोवर हे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची पत्नी विनावेतन करत असे. दार उघडणे, निरोप घेणे, रात्री-अपरात्री फोन उचलणे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा इतिहास लिहिताना या स्त्रियांना जेमतेम तळटीप मिळते. १९६५ मध्ये हजारो जीपींनी तारीख न घातलेले राजीनामे आपल्या संघटनेकडे सोपवले. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन, जे स्वतः एका जीपीचे चिरंजीव होते, वाटाघाटींना बसले आणि १९६६ पासून नवा करार लागू झाला. त्यातील एक कलम आपल्या विषयासाठी कळीचे आहे : मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकार देणार. साहजिकच दवाखान्यांत पगारी रिसेप्शनिस्ट आल्या, त्यांच्यासोबत अपॉइंटमेंटची वही आली आणि काही वर्षांतच ती बहुतेक ठिकाणी रूढ झाली.

आरंभी लोकांना हे आवडलेही. घरून निघावे, दहा मिनिटे बसावे, तपासून परतावे. जी ठरवलेली वेळ पूर्वी पुढच्या दाराने येणाऱ्याला मिळे, ती आता सर्वांना मिळणार होती. पण बाकावरच्या रांगेत एक गुण होता. जो शेवटपर्यंत बसला, त्याला डॉक्टर भेटतच. वहीतली पाने भरली की मात्र ‘नाही’ म्हणावे लागते, आणि ते म्हणण्याचे काम आले रिसेप्शनिस्टकडे. रुग्णाचे दुखणे किती तातडीचे, हे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या बाईने फोनवर ठरवायचे! ती ‘टेबलामागची राक्षसीण’ म्हणून बदनाम झाली. १९८५ मध्ये सारा आर्बर आणि लुसियान सॉयर या संशोधकांनी तिच्यावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ही उपमा प्रश्नचिन्हासह आहे. ते प्रश्नचिन्ह मला रास्त वाटते. तुटवडा निर्माण करणारी ती नव्हती. तो तोंडावर सांगणारी मात्र तीच होती.

तुटवडा सगळीकडे सारखाही नव्हता. वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावी काम करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला निबंध ‘उलट्या सेवेचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. जिथे आजार जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, असा त्याचा आशय. अशा ठिकाणी, कोळशाच्या खोऱ्यांत आणि जुन्या औद्योगिक शहरांच्या वस्त्यांत, ब्रिटिश डॉक्टर जायला नाखूश असत. त्या जागा मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी भरल्या. १९७५ पर्यंत भारतातील अनेक वैद्यकीय पदव्यांना तिथे थेट मान्यता होती. अनेकांना रुग्णालयातील तज्ज्ञ व्हायचे होते, पण बढतीत डावलले गेल्याने ते जनरल प्रॅक्टिसकडे वळले. १९८० च्या दशकापर्यंत तिथल्या जीपींपैकी सुमारे १६ टक्के उपखंडात जन्मलेले होते. ज्युलियन सिम्प्सन या इतिहासकाराने त्यांना सेवेचे स्थलांतरित शिल्पकार म्हटले आहे. ही पिढी निवृत्त होऊ लागली तेव्हा त्यांचे दवाखाने चालवायला माणसे मिळणे कठीण झाले.

आता आठ वाजण्याच्या मुळाशी येऊ. २००० साली टोनी ब्लेअर सरकारने जाहीर केले की २००४ पर्यंत प्रत्येकाला ४८ तासांत जीपी भेटला पाहिजे. हेतू उत्तम. पण दवाखान्यांनी उद्दिष्ट गाठण्याचा सोपा मार्ग शोधला. पुढच्या आठवड्याची वेळ दिलीच नाही, तर कुणी ४८ तासांपेक्षा जास्त थांबल्याची नोंद होणारच कशी? म्हणून आगाऊ नोंदणी बंद. ज्या दिवशी भेटायचे त्याच दिवशी सकाळी फोन करा. २८ एप्रिल २००५ रोजी, निवडणुकीच्या आठवडाभर आधी, बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’मध्ये प्रेक्षकांतील एका महिलेने ब्लेअर यांना हे सुनावले : डॉक्टरांनी आठवड्याने या म्हटले, पण दवाखाना आठवड्यानंतरची वेळ देत नाही. पंतप्रधान चकित झालेले देशाने पाहिले. सूत्रसंचालक डेव्हिड डिंबलबी यांनी आणखी कुणाचा असा अनुभव आहे का विचारले, तर आणखी हात वर झाले.

आकड्यांच्या मागे लागलेले प्रशासन कसे वागते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला आधुनिक इतिहासात क्वचितच आढळले आहे. २०१० मध्ये अँड्र्यू लान्सली यांनी ते उद्दिष्ट रद्द केले. पण सवय उरली, कारण तोवर मागणी आणि मनुष्यबळ यांतले अंतर वाढत गेले होते. त्याच सुमारास दुसरी एक गंमत चालू होती. अनेक दवाखान्यांनी ०८४४ ने सुरू होणारे महागडे फोन क्रमांक घेतले होते. भेट मोफत, पण फोनवर ताटकळण्याचे मिनिटागणिक पैसे! २०१० मध्ये नियम करून स्थानिक दरापेक्षा महाग क्रमांकांना मनाई करावी लागली.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे आधी फोनवर किंवा संगणकावर लक्षणे सांगणे सक्तीचे झाले. मे २०२३ मध्ये सरकारने आठची झुंबड संपवण्याची योजना जाहीर केली आणि नव्या फोनयंत्रणा व डिजिटल साधनांसाठी २४ कोटी पौंड राखले. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील दवाखान्यांना सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० पर्यंत ऑनलाइन विनंतीचा मार्ग खुला ठेवणे बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या संघटनेचा आक्षेप असा की विनंत्यांचा पूर आला तर त्यातली गंभीर विनंती वेळीच नजरेस पडणार नाही.

या प्रत्येक बदलात कोण पुढे सरकले आणि कोण मागे राहिले, ते पाहण्यासारखे आहे. बाकावरच्या रांगेत ज्याला कामावरून सुटी मिळत नसे तो मागे राही. आठच्या फोनमध्ये तेव्हाच बस चालवणारा, वर्गात शिकवणारी, मुलांना शाळेत सोडणारी आई मागे राहते. ऑनलाइन अर्जात इंग्रजी लिहिता न येणारी आजी मागे राहते, आणि लेस्टर-बर्मिंगहॅमकडे अशा आजी पुष्कळ आहेत.

शेवटी एक विनंती. १९६० किंवा ७० च्या दशकात मुंबई-पुण्याहून डॉक्टर होऊन ब्रिटनमध्ये जीपी म्हणून गेलेले कुणी तुमच्या घरात वा ओळखीत असतील, तर त्यांच्या आठवणी जरूर विचारून घ्या : दवाखाना कुठे होता, फोन कोण उचलत असे, वही कधी आली. छायाचित्रे किंवा जुन्या अपॉइंटमेंटच्या वह्या असतील तर उत्तम. त्यांच्या परवानगीने प्रतिसादात लिहा. पुढचा धागा त्यांच्यावरच करायचा आहे.