शहाडोंगराची पायवाट

दसरा झाला की तुळजापूरची भवानी निजते. सीमोल्लंघन करून दमलेली देवी कोजागरीपर्यंत पलंगावर असते. त्या निजेला श्रमनिद्रा म्हणतात. ज्या पालखीतून ती सीमोल्लंघनाला निघते, ती पालखी भिंगारला लागून असलेल्या बुऱ्हाणनगरहून जाते. ज्या पलंगावर निजते, तो घोडेगाव-जुन्नरकडून नगरमार्गे जातो. पालखी-पलंग जायच्या दिवसांत सासूबाई दारात पाण्याची घागर घेऊन उभ्या असायच्या. भर दुपारी सुनेनं जरा अंग टाकलं आणि कुणी काही बोललं, तर त्या म्हणायच्या, "दमली की देवीबी निजती. तिला उठवतं का कुणी?"

यंदा त्याच पाच दिवसांतले तीन दिवस आम्ही दोघांनी स्वतःसाठी काढले. मुलगा बारावीला, मुलगी आठवीला. दोघांना चिंचवडला माझ्या आईपाशी ठेवलं आणि एसटीनं माळीवाड्याला उतरून रिक्षानं भिंगारच्या जुन्या घरी आलो. कुलूप काढतो न काढतो तोच शेजारच्या काकू आल्या. "पोरं कुठं ठिवली?" आणली नाहीत म्हटल्यावर त्यांनी आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही दवाखान्याचं काम काढलंय का?"

त्यांचं काही चुकलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. नवराबायको दोघंच विनाकारण कुठं निघाली, असा प्रसंग आपल्याकडच्या जुन्या कागदांत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींत किती क्वचित सापडतो, हे मला ठाऊक आहे. 'जोडीनं' हा शब्द आहे, पण तो देवाच्या दारी वापरायचा. जोडीनं सत्यनारायण, जोडीनं बुऱ्हाणनगरच्या देवीचं दर्शन, जेजुरीला नव्या नवरीला उचलून पाच पायऱ्या. एकदा ते झालं की जोडी संपते आणि संसार सुरू होतो. मग नवरा दहा पावलं पुढं आणि बाई डोक्यावर पदर घेऊन मागं.

सासूबाई साऱ्या आयुष्यात शहाडोंगरावर एकदाच गेल्या, लग्नानंतरच्या वर्षी, घरातल्या अकरा जणांबरोबर बैलगाडीनं. "महाल बघितला का?" असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "बघितला ना. स्वयंपाक तिथंच केला." सासऱ्यांच्या शेजारी दिवसच्या दिवस घालवायला मिळाले ते बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर. सुकडी एकाच भांड्यात घ्यायची आणि दुपारी दोघांनी एका बाभळीखाली बसून खायची. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. दुष्काळाचं वर्णन करताना बाईच्या चेहऱ्यावर असं काही येतं, हे मी पुस्तकात कधी वाचलं नव्हतं. तेव्हापासून वाटत होतं की त्या डोंगरावर आपण दोघांनीच चालत जायचं.

शहाडोंगर म्हणजे ज्याला सगळं नगर चांदबिबी महाल म्हणतं तो डोंगर. पाथर्डी रस्त्यानं भिंगार मागं पडलं की उजेडायच्या आधीसुद्धा त्याची आकृती दिसते: लांब पाठ आणि वर ठेवल्यासारखी एक अठकोनी इमारत. वर गाडीरस्ता जातो. आम्ही पायथ्यापासून पायवाट धरली. आश्विनात हा डोंगर वर्षातला सगळ्यात देखणा असतो. पावसाळी हिरवा ओसरून गवत पिवळं पडायला लागलेलं, तरवड फुललेला, आणि बांधाबांधाला, दरडीला सीताफळं डोळे उघडून बसलेली. खाली बाजरीची कापणी झालेली वावरं, काही ठिकाणी ज्वारी पेरायची घाई. लष्कराच्या बाजूनं रणगाड्याची घरघर आली की भिंगारचा माणूस मान वर करत नाही. आमचे हे चिंचवडला पंचवीस वर्षं राहूनही अजून करत नाहीत.

पायवाट अरुंद. दोघांना शेजारी चालता येईना. हे आपोआप पुढं झाले, मी मागं. दहा पावलं नाही, दोनच. पण एका वळणावर माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "अहो, थांबा. मी पुढं होते." तिथून माथ्यापर्यंत मी पुढं होते.

या गावाचा इतिहास इथूनच सांगायला हवा, कारण वरून सगळं एका नजरेत मावतं. १४९० मध्ये मे महिन्यात निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदनं बहामनी फौजेचा पराभव केला तो भिंगारजवळच. जिथं जिंकला तिथं त्यानं बाग लावली. किल्ला तिथंच उभा राहिला, आणि १४९४ मध्ये सीनेच्या काठी शहर वसायला लागलं. म्हणजे नगरच्या आधी भिंगार. आजूबाजूच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणलं गेलं. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, चुन्यात गाडून, फक्त उताराच्या जोरावर कोसभर पाणी चालवायचं. अशा नळांचे तुकडे भिंगारकडे पाया खणताना निघायचे; आमच्या परसात एक तुकडा होता आणि सासूबाई त्यात तुळशीचं रोप धरायच्या.

त्या पाण्याच्या आणि बागांच्या काळातला मोठा माणूस म्हणजे सलाबतखान, मुर्तुजा निजामशहाचा मंत्री. राजा माणसांपासून तुटून एकांतात राहायला लागला, तेव्हा कारभार यानं ओढला. सोलापूर रस्त्याकडचा फराहबाग, तळ्याच्या मधोमध बांधलेला तो महाल, यानंच १५८३ मध्ये पुरा केला. आणि स्वतःसाठी यानं डोंगराचा माथा निवडला. शहाडोंगरावरची इमारत चांदबिबीचा महाल नाही, ती सलाबतखानाची कबर आहे. १५८९ मध्ये तो वारला. खाली तळघरात दोन कबरी आहेत, एक त्याची आणि एक त्याच्या बायकोची असं सांगतात. राज्य चालवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या शेवटच्या जागेसाठी गर्दीपासून दूर, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वरचा वारा पसंत केला, आणि त्या वाऱ्यात तो एकटा नाही. मला ही गोष्ट त्याच्या साऱ्या कारभारापेक्षा मोठी वाटते. त्याच्या बायकोचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं मला आढळलं नाही.

बायकांची नावं लिहून न ठेवणं वेगळं आणि लिहिलेली पुसणं वेगळं. नगरमध्ये दुसरंही झालं आहे. मुर्तुजाचा बाप हुसेन निजामशहा. त्याच्या कौतुकाचं एक फारसी काव्य आफताबी नावाच्या कवीनं रचलं, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेतली ही अगदी आरंभीची चित्रं, आज बारा उरली आहेत. त्यांत राजा एकटा नव्हता. सिंहासनावर त्याच्या अगदी जवळ त्याची राणी खुंजा हुमायून बसलेली होती. चारचौघांत, दरबारात, नवऱ्याला खेटून बसलेली राणी! एका चित्रात बाईच्या स्पर्शानं झाड फुलतं, आपल्या जुन्या काव्यांतल्या दोहदासारखं. १५६५ मध्ये हुसेन गेला. मुलगा लहान म्हणून खुंजानं कारभार हाती घेतला, आणि १५६९ मध्ये त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. पुढं कुणीतरी त्या चित्रांतून तिला पुसून काढलं. राजा जागेवर आहे, त्याचा हात कुणाच्या तरी भोवती आहे, आणि तिथं रंगाचा डाग आहे. मी ती चित्रं छापील पुस्तकात पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही. त्या मोकळ्या कुशीकडे पाहून मला वाटलं की हे पुसणाऱ्याला राणीची सत्ता खटकली असेलच, पण तिचं ते जवळ बसणंही खटकलं असणार.

तिचीच मुलगी चांदबिबी. विजयनगरविरुद्ध एकी व्हावी म्हणून तिला विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. विधवा झाल्यावर ती पुढं माहेरी परत आली आणि १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेसमोर तिनं नगरचा किल्ला लढवला. सुरुंगानं तट फुटला तेव्हा ती स्वतः भगदाडावर उभी राहिली आणि रात्रीत भिंत उभारून घेतली. १६०० मध्ये तिला तिच्याच माणसांनी मारलं. आता शहाडोंगरावरच्या इमारतीचा तिच्याशी कागदोपत्री संबंध नाही, हे शाळेतल्या मुलांना मी दरवर्षी सांगते. पण चूक म्हणून खोडायला माझा हात धजत नाही. आईला चित्रातून पुसलं त्याच शहरात लोकांनी सगळ्यात उंच जागेवर मुलीचं नाव ठेवलं. कुणी हुकूम काढला नव्हता, दगडावर कोरलं नव्हतं, तरी चारशे वर्षांत ते पुसलं गेलं नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. आधी तळघर पाहिलं. वाकून उतरावं लागतं. आत ओलसर गारवा, वटवाघळांचा वास, आणि त्या दोन कबरी. यांनी चप्पल बाहेर काढली, मी पदर घेतला. काही बोललो नाही. मग वरच्या सज्ज्यात आलो. इमारतीला गिलावा नाही, नुसता दगड आणि कमानी; आठही बाजूंनी वारा आत येतो. सज्जा मात्र रुंद आहे. तिथं आम्ही शेजारी शेजारी चाललो, आठही कमानींतून आठ दिशा पाहत. इंग्रजांच्या काळात नगरच्या गोऱ्या सोल्जरांना उन्हाळ्यात हवापालटासाठी इथं ठेवत. तिकडं डोंगरगणच्या दरीला त्यांनी हॅपी व्हॅली नाव दिलं आणि सहलीला जायला लागले. करमणूक म्हणून डोंगर चढायची सवय या भागाला बहुधा त्यांच्याकडून लागली; आपण डोंगरावर जात होतो ते देवासाठी, सरपणासाठी आणि गुरांमागं.

पश्चिमेच्या कमानीतून भिंगार आणि त्याच्या पलीकडे झाडांत बुडालेला किल्ला. याच भिंगारच्या मुक्कामात ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब वारला. पण किल्ल्याकडे पाहिलं की मला नेहमी मौलाना आझाद आठवतात. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल आणि इतरांबरोबर त्यांना तिथं आणून डांबलं. कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अंथरुणाला खिळल्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करा असं सुचवलं गेलं; मौलानांनी केला नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. नेहरूंनी त्याच भिंतींआड 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. एका नवऱ्यानं तिथं बायकोच्या आजाराच्या तारा वाचल्या, हेही शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सज्ज्याच्या भिंतींवर नावं कोरलेली आहेत. बदाम, त्यातून बाण, दोन आद्याक्षरं, एखादी तारीख. चारशे वर्षं पावसानं जे केलं नाही ते खिळ्यानं केलं आहे. मला त्याचा राग येतो आणि मुलांना सहलीला आणते तेव्हा मी तो दाखवते. पण त्या दिवशी ती अक्षरं वाचताना हेही जाणवलं की या पोरापोरींना गावात शेजारी बसायला जागा नव्हती. बागेत बसली तर हटकतात, घरी तर प्रश्नच नाही. म्हणून ती इतक्या उंच आली आणि आपण दोघं इथं होतो याची खूण ठेवून गेली. दगड दुखावतो, ते थांबायलाच हवं. पण त्यांना बसायला जागा द्यायला हवी, असं मी वर्गातही म्हणणार आहे.

पूर्वेच्या कमानीत सावली होती. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. वाटेत एका म्हातारीकडून घेतलेली सीताफळं. हे बिया तळहातावर जमवत होते. अंगणात लावू म्हणाले. कुठल्या अंगणात, असं मी विचारलं नाही. भिंगारच्या घरात कायमचं राहायला यायचं की नाही, हा आमच्यात बरेच दिवस न बोललेला विषय. तो त्या दिवशी निघाला. मुलाचं इंजिनिअरिंग, यांच्या नोकरीची उरलेली सहा वर्षं, माझी शाळा. चिंचवडच्या घरात हे बोलणं दर वेळी कुणाच्या तरी डब्यावर नाहीतर क्लासच्या फीवर येऊन थांबायचं. इथं थांबवायला कुणी नव्हतं. तासभर बोललो असू. ठरलं काही नाही, पण दोघांच्या मनात तेच आहे हे कळलं.

उठताना पाहिलं तर माझ्या साडीच्या काठाला हातभर कुसळं. आश्विनातली कुसळं कापडात शिरली की ओढून निघत नाहीत. उलट्या बाजूनं, टोकाला धरून एकेक उपसावी लागतात, नाहीतर तुटून आत राहतात. हे पायरीवर खाली बसले, काठ गुडघ्यावर घेतला आणि एकेक काढायला लागले. चार कॉलेजातल्या मुली जिना चढून आल्या आणि आम्हाला पाहून थबकल्या. मी पाय ओढून घ्यायला गेले.

"हलू नको," हे म्हणाले, "तुटंल."

मी हलले नाही.