खिशातली वही

माझी भाची बालरोगात एमडी करतेय. रात्रपाळीला तिच्यासोबत 'हॅरिएट लेन हँडबुक' असतंच. ही हॅरिएट कोण, म्हणून शोधलं.

ही बाई डॉक्टर नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांची भाची. मामा अविवाहित, त्यामुळे व्हाइट हाउसमधला पाहुणचार हीच बघायची. पुढे १८८१ आणि १८८२ मध्ये तिचे दोन्ही मुलगे ऐन पोरवयात रुमॅटिक फीवरने गेले. १९०३ मध्ये ती वारली, तेव्हा आजारी मुलांच्या रुग्णालयासाठी पैसे ठेवून गेली. त्यातून १९१२ मध्ये बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्सच्या आवारात 'हॅरिएट लेन होम' सुरू झालं.

तिथले १९५०च्या सुमाराचे चीफ रेसिडेंट हॅरिसन स्पेन्सर यांनी सुचवलं, की खिशात मावेल अशी वही आपणच लिहू. सहा जण ग्रंथालयातल्या टेबलाभोवती जमू लागले. पैसे नाहीत, वर देखरेखीला वडीलधारे नाहीत. हेन्री सायडेल पहिले संपादक.

गरज खरीच होती. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. डोस किलोमागे मोजायचा, आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं की तो दसपट होतो! अपरात्री हा हिशेब करणारा डॉक्टर स्वतः अजून शिकतच असतो.

त्या पुस्तकाचं संपादन आजही तिथले चीफ रेसिडेंटच करतात. आदल्या बॅचने पुढच्या बॅचला दिलेला हा हात. मला विचाराल, तर त्या आईचं खरं स्मारक इमारतीपेक्षा हेच.