प्रभावलय, छायाचित्रणातील

छायाचित्रात दिवा, चंद्र वा अन्य तेजस्वी बिंदूभोवती उमटणारे अनिष्ट प्रकाशवलय. रात्रीच्या चित्रात पार्श्वभूमी काळोखी असल्याने हा दोष विशेष ठळक दिसतो. तो प्रकाशसंवेदी पृष्ठात, भिंगात अथवा हवेत उद्भवतो. पहिल्या प्रकारास हॅलेशन म्हणतात.

काचपट्टीवरील पायसात विखुरलेला तीव्र प्रकाश काचेत उतरतो. काचेच्या मागील पृष्ठावर सुमारे ४२° या क्रांतिक कोनापेक्षा अधिक तिरपे पडणारे किरण पूर्णपणे परावर्तित होऊन पायसात परत येतात व बिंदूपासून काही अंतरावर कडे उमटते. कड्याची आतील त्रिज्या काचेच्या जाडीच्या सुमारे १·८ पट, म्हणजे २ मिमी. जाड काचेवर सुमारे ३·६ मिमी. भरते. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ॲबनी यांनी १८७० नंतरच्या दशकात या दोषाचा अभ्यास केला. पुढे पट्टीच्या मागे प्रकाशशोषक गडद लेप देण्याची पद्धत रूढ झाली. पॉल मार्टिन यांनी १८९५–९६ मध्ये लंडनचे गॅसदिव्यांनी उजळलेले रस्ते टिपले, तेव्हा दिव्यांभोवतीची वलये ही मोठी अडचण होती. पॅरिसची रात्र टिपणारे ब्रासाय यांनी १९३० नंतर दिवे झाडाच्या खोडाआड ठेवून ती टाळली.

फिल्मचा पाया पातळ असल्याने तिच्यावरील वलय प्रतिमेस बिलगलेले असते. चित्रपटाच्या फिल्मला त्यासाठी मागे काजळीचा थर देत. तो काढून स्थिरचित्रणासाठी विकल्या जाणाऱ्या फिल्मवर दिव्यांभोवती लाल वलय येते. कारण लाल रंगास संवेदनशील थर पायाच्या सर्वांत जवळ असतो.

लेप नसलेल्या भिंगाचे प्रत्येक पृष्ठ सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते. १९३५ मध्ये त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्मकुला यांनी परावर्तनरोधी लेप शोधल्यावर हा दोष बराच घटला. अंकीय कॅमेऱ्यात मात्र संवेदकाचे चकचकीत पृष्ठ आणि भिंगापुढील गाळणी यांत प्रकाश मागेपुढे होऊन छायाबिंब उमटते. गाळणी काढताच ते नाहीसे होते. भिंगावरील दव व बोटांचे ठसे पुसून आणि बाजूचा प्रकाश आडोशाने अडवूनही वलय टिकले, तर त्याचे कारण हवेतील जलकण होत. त्यावर कॅमेऱ्यात उपाय नसतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तम उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा येथे आढळते. प्रवरेवरील विल्सन धरण (१९२६) आणि कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या परिसरात मे अखेरीस व जूनच्या आरंभी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ इ. झाडे काजव्यांनी लुकलुकतात. हवा दमट असते आणि काजव्यांचा उजेड मंद असल्याने अनेक सेकंदांचे उद्भासन द्यावे लागते. एवढ्या अवधीत मोटारीचा एक दिवा वा हातातील विजेरी झळकली, तरी सर्व चित्र धुरकट वलयाने भरून जाते. हाच प्रकाश काजव्यांच्या मीलनाच्या संकेतांतही व्यत्यय आणतो. नर व मादी यांना परस्परांचे लुकलुकणे ओळखण्यास काळोख लागतो. दिवे मालवणे हा निर्दोष चित्राचा सर्वांत सोपा उपाय असून काजव्यांच्या पुढील पिढीसाठीही तोच आवश्यक आहे.