बाळंतिणीची खोली

जिझानमध्येही घरी बाळ येणार म्हटले की भारतातून डिंक, अळीव, बाळंतशेपा मागवले जातात. जुन्या वाड्यांत त्यासोबत बाळंतिणीची अंधारी खोली असे. खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, वर धुरी. आनंदीबाई जोशींचे बाळ १० दिवसांतच गेले. तेव्हा त्या अवघ्या १४ वर्षांच्या होत्या. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

त्या खोलीतले काय ठेवावे? सव्वा महिन्याची विश्रांती आणि ऊन जेवण. शेगडी मात्र नको. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. इथल्या दमट उकाड्यात एसी खुशाल लावा, फक्त बाळाला झोतात निजवू नका. आणि घरातल्या पुरुषांनो, रात्री बाळ रडले की आधी तुम्ही उठा.