बाथशिबा लिंकन : अमेरिकी सीमाप्रदेशातील एक विधवा आणि तिचा जमीनहक्क

प्रस्तावना

अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या घराण्याचा इतिहास सांगताना त्यांच्या आजोबांच्या मृत्यूची कथा बहुतेक चरित्रकार आवर्जून सांगतात. मे १७८६ मध्ये केंटकीतील शेतावर काम करीत असताना एका मूलनिवासी हल्लेखोराने त्यांना गोळी घातली. थोरल्या मुलाने झोपडीतून बंदूक आणून हल्लेखोराला टिपले आणि बापाच्या मृतदेहापाशी बसलेल्या धाकट्या भावाचे प्राण वाचवले. आपल्या मनावर सर्वांत खोल ठसलेली कौटुंबिक कथा हीच, असे लिंकन यांनी १८५४ मध्ये एका नातेवाइकाला लिहिले होते. मात्र या कथेत मृताची पत्नी बाथशिबा जवळजवळ दिसतच नाही. प्रस्तुत लेखात तिच्या वैधव्याचा विचार तत्कालीन वारसा कायद्याच्या संदर्भात केला आहे. या कुटुंबाचे पुढील भवितव्य बंदुकीच्या गोळीने जितके ठरवले, तितकेच ते कायद्यानेही ठरवले, हे त्यातून स्पष्ट होते.

व्हर्जिनियाहून केंटकीकडे

बाथशिबा हेरिंग ही व्हर्जिनियातील शेनान्डोआ खोऱ्यातील. तिचा पती कॅप्टन अब्राहम लिंकन (जन्म १७४४) हा स्थानिक नागरी सैन्यातील अधिकारी आणि लिनव्हिल क्रीकच्या काठचा शेतकरी होता. १७८० मध्ये त्याने तेथील २५० एकर जमीन पाच हजार पौंडांस विकली. ही रक्कम मोठी वाटत असली तरी युद्धकाळात कागदी चलनाचे मूल्य फार घसरलेले होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

या व्यवहारात एक महत्त्वाचा तपशील दडलेला आहे. इंग्रजी सामान्य कायद्यानुसार विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्ता नसे. तिचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. परंतु पतीच्या पश्चात त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाचा तहहयात उपभोग घेण्याचा हक्क तिला असे. यालाच ‘डॉवर’ किंवा विधवा-हिस्सा म्हणत. पतीने जमीन विकली तरी पत्नीच्या संमतीशिवाय हा हक्क नष्ट होत नसे, आणि ती संमती पतीच्या गैरहजेरीत, एकांतात विचारून नोंदवावी लागे. बाथशिबाला न्यायालयापर्यंत प्रवास करणे शक्य नसल्याने १७८१ मध्ये तिची संमती घेण्यासाठी अधिकारी नेमले गेले. या दस्तऐवजात तिचे नाव ‘बर्शिबा’ असे आढळते. पतीच्या नावावरील जमिनीबाबत कायद्याने तिचे मत विचारले, तो हा प्रसंग. तिने संमती दिली आणि व्हर्जिनियातील आपला भावी आधार सोडला.

१७८२ च्या सुमारास हे कुटुंब केंटकीत आले. लाँग रन ओढ्याजवळील ह्यूज स्टेशन या तटबंदीच्या वस्तीलगत त्यांनी शेती सुरू केली. ही भूमी रिकामी नव्हती. ओहायो नदीच्या खोऱ्यातील मूलनिवासी जमाती आपल्या शिकारीच्या प्रदेशासाठी लढत होत्या आणि वसाहतकऱ्यांची प्रत्येक नवी झोपडी त्यांच्या दृष्टीने आक्रमण होते. कॅप्टन लिंकनचा मृत्यू हा या दीर्घ संघर्षाचाच एक भाग होय.

वैधव्य आणि कायदा

पती मरण पावला तेव्हा बाथशिबाच्या पदरी पाच मुले होती. मॉर्डेकाय सुमारे पंधरा वर्षांचा, जोसाया तेरा वर्षांचा, टॉमस आठ वर्षांचा, आणि मेरी व नॅन्सी या दोन मुली. मृताच्या नावावर केंटकीत किमान ५,५४४ एकर जमिनीचे हक्क होते. वरकरणी पाहता हे कुटुंब संपन्न होते. तथापि मृताने मृत्युपत्र केलेले नव्हते.

केंटकी त्या वेळी व्हर्जिनियाचा भाग होता (स्वतंत्र राज्य म्हणून त्याची स्थापना १ जून १७९२ रोजी झाली). व्हर्जिनियात मृत्युपत्राविना मरण पावलेल्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता ज्येष्ठाधिकाराच्या नियमाने थोरल्या मुलाकडे जाई. टॉमस जेफरसन यांच्या पुढाकाराने हा नियम रद्द करणारा कायदा १७८५ मध्ये संमत झाला होता. त्यानुसार सर्व मुलांना, मुलींनाही, समान वाटा मिळणार होता. मात्र तो १ जानेवारी १७८७ पासून अमलात आला. कॅप्टन लिंकनचा मृत्यू त्यापूर्वी सात-आठ महिने झाला. परिणामी संपूर्ण जमिनीचा वारस मॉर्डेकाय ठरला आणि जोसाया, टॉमस व दोन्ही मुली भूमिहीन झाल्या. विधवेचा हक्क तिच्या हयातीपुरताच असल्याने तो धाकट्या मुलांना देणे तिच्या हाती नव्हते. शिवाय जंगली, अंशतःच लागवडीखालील जमिनीच्या एक तृतीयांश हिश्श्यातून रोख उत्पन्न मिळणे कठीणच होते.

या काळात बाथशिबा मुलांसह अधिक सुरक्षित अशा बीच फोर्क परिसरात, पुढे वॉशिंग्टन काउंटी म्हणून ओळखल्या गेलेल्या भागात, राहावयास गेली. १७८८ मध्ये नेल्सन काउंटीच्या न्यायालयाने मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून विधवेऐवजी दुसऱ्याच एका पुरुषाची नेमणूक केली. पुढील वर्षी जंगम मालमत्तेची यादी दाखल झाली. दोन घोडे, वासरांसह तीन गायी, एक नांगर व त्याची जुंपणी, तीन खुरपणीच्या कुदळी, तीन बंदुका, पिसांच्या गाद्या, डझनभर जस्ती थाळ्या, इस्त्र्या आणि जवसाचे सूत कातण्याचा एक चरखा, अशी ती यादी आहे. एकूण मूल्य ६८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स. ज्या चरख्यावर बहुधा तिनेच सूत कातले, ज्या भांड्यांत स्वयंपाक केला, ती सर्व कायद्याच्या लेखी मृत पतीची मालमत्ता होती.

परिणामांची साखळी

या वाटणीचे परिणाम पुढील पिढीत स्पष्ट दिसतात. मॉर्डेकाय जमीनदार म्हणून स्थिरावला. टॉमस मात्र मजुरी आणि सुतारकाम करीत वाढला. १८६० च्या आत्मवृत्तात अब्राहम लिंकन यांनी आपल्या वडिलांची निरक्षरता आणि त्यांचे भटके मजुराचे बालपण यांची कारणे नमूद केली आहेत : आजोबांचा अकाली मृत्यू आणि आजीची हलाखीची परिस्थिती. त्या विधवेच्या जीवनावर नातवाने केलेले हे भाष्य एका वाक्यापुरतेच आहे, परंतु त्यात कारणमीमांसा अचूक आहे.

टॉमसने १८०३ मध्ये हार्डिन काउंटीतील मिल क्रीक येथे २३८ एकर जमीन घेतली. बाथशिबाचा वृद्धापकाळ याच परिसरात, मुलगी नॅन्सी हिच्या कुटुंबात गेला. टॉमसला पुढे केंटकीतील सदोष मालकीपत्रांमुळे वारंवार नुकसान सोसावे लागले आणि १८१६ मध्ये त्याने इंडियानाचा मार्ग धरला. तेथे पहिली पत्नी नॅन्सी हँक्स निवर्तल्यावर १८१९ मध्ये त्याने सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवेशी विवाह केला. हीच अब्राहमची सावत्र आई.

१८५१ मध्ये टॉमसच्या निधनाने सारा दुसऱ्यांदा विधवा झाली, तेव्हा अब्राहम लिंकन इलिनॉयमध्ये वकिली करीत होते. १८४१ मध्येच त्यांनी वडिलांकडून चाळीस एकर जमीन दोनशे डॉलरला घेऊन तिचा तहहयात उपभोग आईवडिलांकडे ठेवला होता. वडिलांच्या पश्चात उरलेली ऐंशी एकर जमीन त्यांनी सावत्र भावाच्या नावे केली, पण आईचा विधवा-हिस्सा अबाधित ठेवून. भाऊ जमीन विकू पाहू लागला, तेव्हा आई जिवंत आहे तोवर चाळीस एकर तिच्यासाठीच राहतील, असे त्यांनी ठामपणे कळवले. सारा १८६९ मध्ये, म्हणजे लिंकन यांच्या हत्येनंतर चार वर्षांनी, मरण पावली.

निष्कर्ष

बाथशिबाची विचारपूस कायद्याने जमीन सोडताना केली. पती गेल्यावर मात्र तिच्या मुलांची जमीन कोणाकडे जावी, हे तिला विचारले नाही. विधवा-हिस्सा तिला उपासमारीपासून वाचवू शकत होता, मुलांचे भवितव्य घडवू शकत नव्हता. २० मे १८६२ रोजी तिच्या नातवाने स्वाक्षरी केलेल्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुख असलेल्या विधवेला स्वतःच्या नावाने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागण्याची मुभा दिली, पाच वर्षे वहिवाट केल्यास पूर्ण मालकीसह. ती जमीन मूलनिवासींकडूनच हिरावलेली होती, हे विसरता येत नाही. तरीही एक तृतीयांश हिश्श्याच्या तहहयात उपभोगापासून स्वनावाच्या मालकीपर्यंतचे हे अंतर शेतकरी विधवेच्या दृष्टीने मोठे होते. सीमाप्रदेशाचा इतिहास बंदुकीच्या कथांबरोबरच मालमत्तेच्या याद्या आणि संमतीपत्रे यांतूनही वाचला, तरच बाथशिबासारख्या स्त्रिया त्यात दिसू लागतात.