दऱ्या आणि दर्या

कर्नाळा म्हटले की बहुतेकांना पक्षी आठवतात. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की हे अभयारण्य लागते आणि डोंगरावर अंगठ्यासारखा उभा असलेला सुळका दिसतो. पण वर किल्ल्यात पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. खालच्या दरवाज्याच्या आतल्या अंगाला एक मराठी शिलालेख आहे. त्यावर साल नाही. वरच्या दरवाज्यावर फारसी लेख आहे. त्यात सय्यद नूरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १७३३-३४. पुढे १७४० मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. एकाच किल्ल्यावर दोन भाषा आणि दोन लिप्या मात्र राहिल्या.

मी मराठीत कविता लिहितो, उर्दूही वाचतो. त्यामुळे नवा स्मार्टफोन हाती आला तेव्हा त्याचा कॅमेरा किती चांगला आहे यापेक्षा त्यावर लिहिता कसे येते, हेच मी आधी पाहिले. आणि खरे सांगतो, सुखावलो. बोटाच्या एका टिचकीने कळफलक बदलतो. डावीकडून उजवीकडे मराठी, पुढच्या ओळीत उजवीकडून डावीकडे उर्दू. ज्या उर्दू वर्तमानपत्रांची पाने १९८०च्या दशकापर्यंत कातिब हाताने लिहून काढत, ती लिपी आज खिशात मावते. कर्नाळ्याचे दोन्ही दरवाजे जणू एका काचेवर आले.

मग मी 'दऱ्या' लिहायला गेलो. कर्नाळ्यावर उभे राहिले की एका बाजूला दऱ्या आणि लांब पश्चिमेला दर्या. दऱ्या आपल्या मराठी. दर्या फारसीतून आलेला. दोन्ही शब्दांत फरक एवढाच की, एकात 'र'चा आडवा चंद्रकोरीसारखा तुकडा आणि दुसऱ्यात डोक्यावर रफार. फोनने माझ्या डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र केला! कळफलकावर तो अर्धा 'ऱ' सहज सापडत नाही. रोमी अक्षरे दाबून मराठी उमटवायचे म्हटले, तर 'कर्नाळा' लिहिताना आधी 'कर्नाला' पुढे येतो, कारण रोमी लिपीत 'ल' आणि 'ळ' एकच.

याला केवळ यंत्राचा हट्ट म्हणून चालणार नाही. यामागे इतिहास आहे.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. फोनबरोबर एसएमएस आला. एका एसएमएसला जागा १४० बाइटची. रोमी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरीला सोळा बिट लागतात, म्हणून ७०च. शिवाय काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजायचे. 'कर्नाळा' हे नाव दोन्ही लिपींत सातच जागा घेते. पण मध्ये मोकळी जागा न सोडता लिहिले, तर एका रोमी संदेशात ते बावीस वेळा बसते आणि देवनागरीत दहा वेळा. संदेशाला पैसे पडत होते. त्यातून कित्येक फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. मग 'aai' असे रोमीत लिहून 'आई' वाचायची सवय लागली तर नवल काय? एक अख्खी पिढी मराठी बोलली मराठीत आणि लिहिली रोमीत.

ती अडचण आता राहिलेली नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यामुळे प्रत्येक मराठी अक्षराला जगभर चालणारा एक क्रमांक मिळाला. आपल्या त्या 'ऱ'लाही स्वतःचा क्रमांक आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल फोनवर भारतीय भाषा वाचता आणि लिहिता आल्या पाहिजेत असा आदेश काढला. इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशाला सत्तर अक्षरांची वेसणही नाही. तरीही सवय मागे राहिली. कारण गेले, खोड उरली.

खोड एवढी मनावर का घ्यायची? त्यासाठी मोडीकडे पाहावे. शेकडो वर्षे आपला कारभार मोडीत चालला. हात न उचलता झरझर लिहायची ती लिपी. छपाईच्या सुट्या खिळ्यांत बसवायला अवघड. मोडीचे खिळेही पाडले गेले. विल्यम केरीच्या १८१०च्या मराठी कोशात ते वापरले होते. पण छापखान्यांनी बाळबोध निवडली आणि पुस्तके, वर्तमानपत्रे, शाळा त्याच वाटेने गेल्या. मोडीवर कोणी बंदी घातली म्हणून ती मागे पडली असे नव्हे. यंत्राला एक लिपी सोपी गेली आणि लोकांनी सोपी वाट धरली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल आहेत, वाचणारे मात्र मोजके. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. जागा मिळाली, पण लिहिणारे हात तोवर गेले होते.

देवनागरीचे तसे लगेच होईल, असे मी म्हणत नाही. पण दऱ्या आणि दर्या यांतला फरक वाचवायचा असेल, तर तो रोजच्या लिहिण्यात राहिला पाहिजे. नातवाला शुभेच्छा पाठवताना, वाण्याला यादी पाठवताना, मित्राशी भांडताना देवनागरीच वापरावी. बोलून मजकूर उमटवायची सोय अनेक फोनवर आहे. ज्यांना टंकणे जड जाते त्यांनी ती वापरावी, मात्र पाठवण्याआधी एकदा वाचावे.

आणि फोन चुकला म्हणून रोमीकडे पळू नये. बहुतेक कळफलक आपल्या सवयी टिपून घेतात. मी 'दऱ्या' तीन-चार वेळा खोडून, दुरुस्त करून तसाच लिहिला. आता 'द' दाबला की दऱ्या आणि दर्या दोन्ही समोर येतात आणि कोणती घ्यायची ते मला ठरवता येते.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)