परसातली मिरची

यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरामागची फरशी मी फोडून घेतली. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, एवढाच तुकडा. पंधरा वर्षांपूर्वी ती बसवून घेतली होती तीही मीच. अम्मा गेल्यावर परसात चिखल नको, डास नकोत असं घरात ठरलं आणि मी मान डोलावली. तिचा वालाचा मांडव त्यात गेला. कोनाड्यातलं बियांचं गाडगंही त्याच साफसफाईत गेलं. ते तर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फरशीखालची माती दगडासारखी झाली होती. दीड वीत खणली, ढेकळं महिनाभर उन्हात तापू दिली. मृगाचा पाऊस झाल्यावर शेणखत मिसळून वाफे धरले. मोरीचं पाणी जिकडं जाईल तिकडं अळू, हे अम्माचं शास्त्र. पण तेव्हा भांडी राखेनं घासत. आता साबणाचं पाणी, म्हणून ते मी दुसरीकडं वळवलं.

काय लावायचं याची यादी केली तेव्हा एका स्नेह्यांनी बजावलं, ‘‘फक्त देशी भाज्या लावा.’’ मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला. सवयीनं यादीवरून बोट फिरवलं आणि अडखळलो. मिरची, टोमॅटो, तांबडा भोपळा, तिन्ही अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं पोचला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढं त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी तिखटपणासाठी होती काळी मिरी, पिंपळी, आलं. नव्या पाहुणीनं नावही मिरीचंच घेतलं. बटाट्यानं मात्र आपलं पोर्तुगीज नाव सोडलं नाही. गंमत सीताफळाची आणि रामफळाची. नावं थेट रामायणातली, पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचं मूळ अमेरिकेतच दाखवतात. वांगं मात्र पक्कं इथलं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातच, माढा तालुक्यात अरण आहे, संत सावता माळ्यांचं गाव. त्यांनी १२९५ मध्ये देह ठेवला, असं परंपरा सांगते. म्हणजे कोलंबसाच्या सुमारे दोनशे वर्षं आधी. तरीही त्यांच्या नावानं घरोघरी गायल्या जाणाऱ्या अभंगात, मळ्यातल्या भाज्यांमध्येच विठ्ठल पाहताना, मिरचीचं नाव येतं! कॉलेजात हे ध्यानात आलं तेव्हा मी मोठा शोध लावल्यासारखा मिरवलो होतो. अभंगाची चूक पकडली ना! आज वाटतं, चूक कसली? मळ्यात, चुलीपाशी, दिंडीत तो अभंग तोंडोतोंडी चालत आला. गाणाऱ्यांच्या वाफ्यात मिरची आली, तशी ती अभंगातही आली असावी. संतांच्या मळ्यात तिला जागा करून देताना कुणी तिचं गाव विचारलं नसणार. कविता लिहिणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटतो.

राहिला वाल. त्याचं रानटी मूळ आफ्रिकेत सापडतं. पण पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली ठळक नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती वस्ती. तिथल्या जळक्या धान्यात जव, मसूर, वाटाणा यांच्याबरोबर वालही मिळाला. सुमारे तीन हजार वर्षं जो इथं शिजतो आहे, त्याला परका म्हणायचं तर मग या यादीत आणि या गल्लीत उरणार कोण?

आणि ‘परसबाग’ हा शब्दच पाहा ना. परस मराठी, बाग फारसी. आमच्या घरात दखनी बोलतात, पण अम्मा परसाला परसच म्हणायची. ती भोपळ्याचं बी राखेत घोळून ठेवी, वालाचे टपोरे दाणे निवडून गाडग्यात घाली आणि गल्लीत मूठमूठ वाटी. बदल्यात कुणाकडून दोडका, कुणाकडून घोसाळं येई. विकत आणलेलं बी तिच्या परसात मी कधी पाहिलं नाही.

मी मात्र दुकानातली पाकिटं घेऊन आलो होतो. ती पाहून शेजारच्या काकू आत गेल्या आणि कागदाची पुडी घेऊन आल्या. ‘‘अरे, हे तुझ्या अम्मानंच दिलेलं बी. दरसाल लावते मी. घे.’’ काय बोलावं ते मला सुचेना. पुडीत अकरा दाणे होते. टोकले, त्यातले सात उगवले. मांडवाला अजून बांबू मिळाले नाहीत, म्हणून वेल सध्या दोरीवर चढवले आहेत. थंडी पडल्याशिवाय वालाला फूल येत नाही, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबायला हवं. अम्माच्या वालाची फुलं जांभळी होती.